गूळ, नख आणि कलिंगड : वासाचा इतिहास शोधताना मी कुठे घसरले

पीएचडीच्या तयारीत असलेल्या बऱ्याच जणांचा प्रश्न असतो की विषय सापडला, पुरावेही सापडले, मग चूक नेमकी कुठे होते? आज माझ्याच एका प्रकरणातली चूक सांगते. विषय थोडा गमतीचा आहे: उन्हाळ्यात लावायचं एक अत्तर. पण त्यातून जे शिकले ते कुठल्याही विषयाला लागू पडेल असं वाटतं.

मी भिवंडी तालुक्यातल्या कशेळीत भाड्याने राहते. (इंटरनेटवर 'कशेळी' शोधलंत तर आधी रत्नागिरी जिल्ह्यातली, कनकादित्याच्या देवळाची कशेळी येईल. ती वेगळी. एका नावाची दोन गावं असतात, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.) आमची कशेळी म्हणजे ठाण्याहून बाळकुम नाका सोडला, खाडीवरचा पूल ओलांडला की लागते ती. पुढे काल्हेर, पूर्णा, आणि सगळीकडे गोदामं. मुंबईकरांनी मोबाईलवर मागवलेल्या कितीतरी वस्तू आधी या पट्ट्यात येऊन पडतात. पुलावर ओहोटीच्या वेळी रिक्षा अडकली, की खाडीच्या चिखलाचा वास नाकात बसतो.

मे महिन्यात मी एका छोट्या परदेशी अत्तरवाल्याची नमुन्याची कुपी मागवली. दोन मिलीलिटर. वर्णनात लिहिलं होतं: उन्हाळा, समुद्राची झुळूक, मीठ, आणि खाली गोडवा. मनगटावर एक फवारा मारला. पहिल्या मिनिटाला गार, ओलं, स्वच्छ असं काहीतरी. मग दहा-पंधरा मिनिटांनी साखरेच्या पाकासारखा गोडवा वर आला. मला ते आवडलं, आणि वहीत मी लिहिलं, 'समुद्र + मिठाई'.

घरमालकीण काकू वाळत घातलेला जवळा उलथत होत्या. त्यांच्यापुढे मनगट धरलं आणि म्हटलं, "काकू, बघा, समुद्राचा वास आहे." त्यांनी हुंगलं आणि सरळ सांगितलं, "यो खारीचा वास नाय गो. कलिंगर कापल्यासारका येतंय."

मी हसले. मनात म्हटलं, काकूंना काय कळणार. वहीत त्यांचं वाक्य लिहिलंही नाही. ही माझी पहिली चूक. दुसरी त्याच रात्री केली.

मोहात पाडणारा पुरावा

माझं संशोधन मध्ययुगीन दख्खन आणि कोकणातल्या सुगंधी द्रव्यांवर आहे. त्यामुळे वराहमिहिराची 'बृहत्संहिता' हाताशी होतीच. हा सहाव्या शतकातला, उज्जैनचा ज्योतिषी. त्याच्या ग्रंथात ग्रहताऱ्यांपासून भूगर्भातल्या पाण्यापर्यंत सगळं आहे, आणि 'गंधयुक्ती' नावाचा एक पूर्ण अध्याय आहे. गंमत म्हणजे तो सुरू होतो केसांच्या कलपाने. डोकं पांढरं असेल तर माळा, अत्तरं, दागिने शोभत नाहीत, म्हणून आधी केस काळे करून घ्या, असा हिशेब!

त्या अध्यायात दोन कृती माझ्या डोळ्यांसमोर आल्या. एकीत शेपा, सालईचा गोंद, शिलारस, चंदन, गव्हला वगैरे एकत्र करून त्या मिश्रणाला गूळ आणि 'नख' यांची धुरी द्यायला सांगितलंय. दुसऱ्या धूपात गुग्गुळ, वालक, लाख, नागरमोथा, नख आणि साखर आहे.

आता 'नख' म्हणजे काय? समुद्री गोगलगायीच्या शंखाच्या तोंडावर एक शिंगासारखं कडक झाकण असतं. प्राणी आत गेला की ते दारासारखं बंद होतं. ते वाळवून, शुद्ध करून धूपात घालतात. दिसायला नखासारखं, म्हणून नख.

लक्षात आलं ना मी कुठे घसरले? गूळ आणि नख. साखर आणि नख. म्हणजे गोड आणि सागरी! त्यात वालक म्हणजे आपला वाळा, उन्हाळ्यात माठात टाकतो तो, असंही मी धरून टाकलं. रात्री दोन वाजता प्रकरणाच्या मसुद्यात वाक्य लिहिलं, की आज परदेशात महागड्या किमतीला विकला जाणारा 'गोड-सागरी' उन्हाळी सुगंध भारतात दीड हजार वर्षांपूर्वीच तयार होता.

माझ्या मार्गदर्शकांनी ते वाक्य खोडलं नाही. त्याखाली रेघ मारून समासात तीन प्रश्न लिहिले: सागरी हे कोण म्हणतंय? उन्हाळी हे कुठे लिहिलंय? तुम्ही नख हुंगलंय का?

तिन्हींची उत्तरं शोधायला मला चार महिने लागले. ती क्रमाने सांगते.

पहिला प्रश्न : सागरी हे कोण म्हणतंय?

वस्तू समुद्रातून आली म्हणजे तिचा वास लोकांना 'समुद्राचा' वाटत होता, असं होत नाही. हे तपासायचं कसं? वास तर उडून गेलेला. मागे उरतात ते शब्द, आणि ते शब्द कुठल्या खणात ठेवलेत ते बघता येतं.

यासाठी 'अमरकोश' फार उपयोगी आहे, कारण त्यात शब्द वर्णानुक्रमे नाहीत, विषयवार वर्गांत आहेत. शंख आणि शिंपला हे वारिवर्गात, म्हणजे पाण्याच्या वर्गात आहेत. तिथे शिंपल्याला शुक्ती आणि शंखाला शंख, कंबू असे शब्द येतात. पण नख? ते आहे वनौषधिवर्गात, झाडपाल्याच्या खणात! आणि तिथे त्याचे पर्याय दिलेत: शुक्ती, शंख, खुर, कोलदल. कोलदल म्हणजे बोरीचं पान.

हा पुरावा दोन्ही बाजूंनी वाचायला हवा. शुक्ती आणि शंख ही नावं सांगतात की ही वस्तू शिंपल्याच्या जातीची आहे याची जाणीव भाषेत होती. खुर आणि कोलदल ही नावं आकारावरून पडली. पण शब्दाला जागा मिळाली ती सुगंधी औषधी द्रव्यांच्या शेजारी. म्हणजे नख ही गांध्याच्या पेटीतली वस्तू होती. समुद्राची आठवण करून देणं हे तिचं काम होतं, असा पुरावा इथे तरी नाही. अमरसिंहाला नखाचं मूळ माहीत नव्हतं, असा निष्कर्षही यातून काढता येत नाही. मौनाचा अर्थ जेवढा निघतो तेवढाच काढायचा.

तुलनेसाठी एक उलटं उदाहरण घ्या. रसशास्त्राच्या 'रसरत्नसमुच्चय' या ग्रंथात 'अग्निजार' नावाचं द्रव्य येतं. अग्निनक्र नावाच्या सागरी प्राण्याची ती वार, समुद्राने किनाऱ्यावर टाकलेली आणि उन्हात वाळलेली, असं त्याचं वर्णन आहे. हा अंबर असावा असं बरेच अभ्यासक मानतात. अंबर म्हणजे स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होणारा पदार्थ, ज्याला बातम्यांत 'व्हेलची उलटी' म्हणतात. (वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे हा प्राणी संरक्षित आहे आणि अंबर बाळगणं, विकणं गुन्हा आहे. ठाणे-मुंबईत त्याच्या जप्त्या होत असतात. संशोधनासाठीसुद्धा कुणाकडून 'नमुना' घ्यायला जाऊ नका.) अग्निजाराच्या वर्णनात समुद्र, किनारा, ऊन सगळं लिहिलेलं आहे. म्हणजे समुद्राचा संबंध सांगायचा असेल तेव्हा ग्रंथकार सांगत होते. नखाच्या कृतींत त्याची गरज कुणाला वाटली नाही.

ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीज तर पहिल्या शतकात याहून वेगळीच हकीकत देतो. त्याच्या मते हे सुगंधी झाकण भारतातल्या जटामांसी उगवणाऱ्या तळ्यांतून येतं. शिंपले ती जटामांसी खातात म्हणून त्यांना सुवास असतो, आणि उन्हाळ्यात तळी आटली की ते गोळा करतात. त्यातलं उत्तम ते तांबड्या समुद्राकडून येणारं, असंही तो नोंदवतो. म्हणजे दूरच्या खरेदीदाराला माल माहीत होता, पण त्याचा उगम गोष्टीतून कळत होता. समुद्रातल्या वस्तूचा सुवास समजावताना त्याने तो वनस्पतीकडून आणला!

दुसरा प्रश्न : उन्हाळी हे कुठे लिहिलंय?

याचं उत्तर छोटं आहे. त्या दोन कृतींत कुठेच लिहिलेलं नाही. मीच ते वाचलं, कारण बाहेर मे महिना होता आणि मला 'वालक' शब्दात वाळा दिसला. वाळ्याला संस्कृतात उशीर म्हणतात. वालक, म्हणजेच ह्रीबेर, ही बहुधा वेगळी वनस्पती. मराठीत तिला काळा वाळा म्हणतात. नावातलं साम्य बघून मी दोन झाडं एक करून टाकली. दोन कशेळींसारखंच झालं हे.

मग आपल्याकडे उन्हाळ्याचा सुगंध कुठला? त्याचे पुरावे आहेत, आणि ते समुद्राकडे जात नाहीत, गारव्याकडे जातात. पंढरपूरला गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत विठ्ठल-रुक्मिणीची चंदनउटीची पूजा असते. देवाला उकाडा होतो, म्हणून चंदनाचा लेप. वाळ्याचे पडदे भिजवून दारावर सोडणं, माठात वाळ्याची जुडी आणि चार मोगऱ्याची फुलं टाकणं हे आपल्या घराघरांत होतं. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला. त्यात राजाच्या उपभोगांत विलेपन हा स्वतंत्र भाग आहे, आणि उटी ऋतू बघून बदलायची असते. चंदन, कापूर, वाळा ही सगळी अंग थंड करणारी द्रव्यं. म्हणजे उन्हाळी सुगंधाची कसोटी नाकाइतकीच त्वचेवर होती.

इथे एक गोष्ट लिहून ठेवा: ऋतू हा पुराव्यात असावा लागतो. आपल्या खिडकीबाहेरचा ऋतू चालत नाही.

तिसरा प्रश्न : नख हुंगलंय का?

नव्हतं हुंगलं. मग एका जुन्या धूप-औषधी विकणाऱ्याकडून थोडं आणलं आणि निखाऱ्यावर एक तुकडा टाकला. काकू आतून ओरडल्या, "क्यास जालतंस काय?" खरंच केस जळल्यासारखा वास होता. त्यात समुद्राची झुळूक वगैरे काही नव्हतं.

मग ग्रंथांकडे परत गेले आणि तेव्हा कळलं की नखाची शुद्धी एवढी का सांगितलीय. आयुर्वेदाच्या ग्रंथांत कृती येते: नख शेणाच्या किंवा चिंचेच्या पाण्यात उकळायचं, धुवायचं, भाजायचं आणि मग गूळ व हिरड्याच्या पाण्याने शिंपायचं. म्हणजे गुळाचा गोडवा नखाला दोन ठिकाणी भेटतो, शुद्धीत आणि धुरीत. मला वाटत होतं तसं ते 'गोड अधिक सागरी' असं आवडीचं जोडपं नसावं. उग्र वासाला मवाळ करणं हे गुळाचं एक काम असावं. माझा हा अंदाज आहे, आणि प्रबंधात तो अंदाज म्हणूनच लिहिलाय.

हे फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. जपानमध्ये कुटून-मळून केलेल्या धूपाच्या गोळ्यांत हेच शंखाचं झाकण पडतं, आणि गोळ्या वळायला मध वापरतात. तिथेही गोडवा आणि शंख शेजारी आले, पण मधाचं एक काम चिकटवण्याचं आहे. एकच जोडी दोन ठिकाणी दिसली म्हणून कारणही एकच, असं समजू नका.

मग कुपीतला 'समुद्र' आला कुठून?

आता उलट बाजू. माझ्या कुपीतला सागरी वास समुद्रातून आलेलाच नव्हता. औषधं बनवणाऱ्या फायझर कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना १९६६ मध्ये प्रयोगशाळेत एक रेणू मिळाला. पुढे तो कॅलोन या नावाने ओळखला गेला. अत्तरांत तो ठसठशीतपणे यायला जवळपास वीस वर्षं गेली. १९८८ मधलं 'न्यू वेस्ट', मग १९९० च्या दशकात इस्से मियाके आणि अरमानी यांची गाजलेली अत्तरं, आणि बघता बघता 'मरीन' हा अत्तरांचा एक अख्खा वर्ग तयार झाला. आज छोटे अत्तरवाले त्यात मीठ, शैवाल, साखर, नारळ घालून नवनवे प्रकार करतात.

कॅलोनचं दुसरं प्रचलित नाव काय आहे माहितीये? वॉटरमेलन कीटोन. कलिंगड!

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरळ बसले. काकूंनी पहिल्या फटक्यात बरोबर ओळखलं होतं. बाटलीवरचं वर्णन वाचून मी समुद्र हुंगला. त्यांनी वर्णन वाचलेलं नव्हतं, म्हणून त्यांना जे होतं ते आलं. आणि 'खाडीचा वास नाही' हे सांगायला कशेळीत त्यांच्याहून जाणकार कोण? खाडीच्या वासात ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलातला गंधकयुक्त वायू असतो. चिखलाच्या आत प्राणवायू पोचत नाही, तिथले जिवाणू तो तयार करतात. समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो त्यात डायमिथाइल सल्फाइड हे गंधकाचंच संयुग मोठं काम करतं, आणि त्याचं मूळ समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींत असतं. अत्तराच्या 'समुद्रा'तून हे सगळं बहुतेक वेळा वगळलेलं असतं. सुट्टीत किनाऱ्यावर गेलेल्या माणसाला हवा असतो तो समुद्र तेवढा ठेवलेला असतो. मासळी, चिखल, काकूंचा जवळा यांना त्यात जागा नाही.

म्हणजे हिशेब असा झाला: सहाव्या शतकात समुद्रातली वस्तू वापरत होते, पण तिला समुद्राचा वास म्हणत नव्हते. विसाव्या शतकात समुद्राचा वास म्हणतात, पण त्यात समुद्रातलं काही असेलच असं नाही. या दोघांना एका ओळीत बसवून 'आमच्याकडे आधीच होतं' म्हणणं म्हणजे वराहमिहिराच्या तोंडी एका परदेशी जाहिरातीची भाषा घालणं. मी तेच केलं होतं. आणि त्यामुळे त्याचं खरं कौतुक हातचं जात होतं. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात, हे गणित त्याच अध्यायात आहे. चार द्रव्यांना एक, दोन, तीन, चार भाग असं प्रमाण द्यायचं तर प्रत्येक चौकडीचे २४ प्रकार. इतकं थक्क करणारं काही समोर असताना मी नसलेली गोष्ट शोधत बसले होते.

तुमच्यासाठी

मराठी विद्यार्थ्यांनी हा विषय घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण आपल्याकडे साधनं आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा 'गंधसार' आणि अज्ञात लेखकाचा 'गंधवाद' ही सुगंधावरची हस्तलिखितं अभ्यासकांपुढे आणली. यातल्या 'गंधवादा'वर चक्क मराठी टीका आहे! हे ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून छापून आले. जेम्स मॅकह्यू यांचं 'सँडलवूड अँड कॅरियन' हे २०१२ मधलं पुस्तकही जरूर वाचा. मार्को पोलोच्या प्रवासवर्णनात ठाण्याच्या राज्यात पांढरा नाही तर तपकिरी धूप मिळतो अशी नोंद आहे. माझ्या खिडकीतून ठाणं दिसतं, पण त्या तपकिरी धूपापर्यंत पोचायला अजून बरंच काम आहे.

काम सुरू करताना चार गोष्टी करा. वस्तूचं नाव सापडलं की आधी त्याच नावाच्या दुसऱ्या वस्तू शोधा. ती वस्तू त्या काळच्या लोकांनी कुठल्या खणात ठेवली ते बघा. शक्य आणि कायदेशीर असेल तर वस्तू स्वतः हाताळा. आणि तुमच्या मसुद्यातलं जे वाक्य लिहिताना सगळ्यात जास्त आनंद झाला, ते सगळ्यात आधी तपासा.

पाचवी गोष्ट माझ्यासाठी आहे. काकूंचं ते वाक्य मी नंतर वहीत लिहिलं, पण तारीख आठवेना. 'मे, दुपार' एवढंच आहे. त्यांना विचारून, नाव न घालता, ते आता प्रकरणाच्या प्रस्तावनेत घेतलंय. परवा त्यांना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "एवरा शिकलीस, पन कलिंगर वलखाया येत नवता?"

यावर माझ्याकडे उत्तर नाही. प्रकरण मात्र आता पुढे सरकलंय.